लाकडी रेसिंग बोट: सील आतून, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न: ४ मिमी मरीन प्लायची, सव्वा मीटर लांबीची रेडिओ कंट्रोल रेसिंग बोट बांधली आहे. २६ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवणार आहे. डेक अजून चिकटवलेला नाही. ओळखीचे पॉलिशवाले काका म्हणतात, दोन हात सँडिंग सीलर आणि वर मेलामाइन मार. मित्र म्हणतो, स्प्रे कॅनने भागतं. डेकच्या एका टोकाला लाल स्प्रे मारूनही पाहिला. जून संपत आलाय, मी डोंबिवलीला राहतो, गणपतीच्या सुट्टीत बोट पाण्यात उतरवायची आहे. कशाने सील करू आणि कोणता रंग मारू?

उत्तर:

गणपतीचं विसरा, दिवाळी धरा. सीलिंग पावसाळ्यात करता येईल, थोडी काळजी घेऊन. रंग मात्र पाऊस सरल्यावरच. बाकी तुमच्या प्रश्नातलं ‘डेक अजून चिकटवलेला नाही’ हे वाक्य वाचून मला हायसं वाटलं, कारण बोटीचं आयुष्य ठरतं ते डेकच्या खाली. वरचा रंग हा बराचसा आपल्या हौसेचा भाग.

माझी पहिली बोट मी नेमकी उलट केली होती. तेव्हा मी गाड्यांच्या रंगकामात होतो, हात बसलेला, त्यामुळे तोराही होता. बाहेरून अस्तर, रंग, क्लिअर, बफिंग, सगळं यथासांग. करी रोडच्या माझ्या पोटमाळ्यावर बोट ठेवली की दिव्याचं प्रतिबिंब तिच्यात सरळ दिसायचं. आत काय? एक हात वॉर्निश, तेही जिथे ब्रश पोचला तिथे. तिसऱ्या महिन्यात बोट वळणावर डगमगायला लागली. घरी आणून रडरचा, म्हणजे सुकाणूचा, ब्रॅकेट हलवला तर तो हाताला ढिला लागला. स्क्रू ड्रायव्हर लावला आणि स्क्रू न फिरताच बाहेर आला. भोकातून चहाच्या रंगाचं तेलकट पाणी आलं, दोन-तीन थेंब. आरी आत घातली तर ती बिनविरोध गेली. मागची फळी मी नखाने सोलली. चहात बुडवलेल्या खारीसारखे प्लायचे पापुद्रे सुटत होते, आणि त्यांच्यावर माझा झकास रंग अखंड होता, एक तडा नाही. पाणी रंगातून गेलंच नव्हतं. ते स्क्रूच्या पाच भोकांतून गेलं होतं, आणि आतून इंजिनखाली साचलेलं तेलमिश्रित पेट्रोल त्याच्या भेटीला आलं होतं. तेल प्यालेल्या लाकडावर पुढे कुठलाच गोंद धरत नाही. ती बोट मी दुरुस्त करू शकलो नाही, इंजिन काढून फेकून दिली.

आधी एक शब्द स्पष्ट करतो, कारण यात नवे लोक हमखास अडकतात. परदेशी नकाशांवर आणि किटवर ‘गॅस बोट’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे गॅस म्हटलं की सिलिंडर नाहीतर सीएनजीची रिक्षा. अमेरिकन लोक पेट्रोलला गॅस म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यांची ‘नायट्रो’ बोट वेगळी: तिचं इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रो रंगाचा काळ आहे, बहुतेक रंग त्याने विरघळतात. पेट्रोल त्या मानाने सोसायला सोपं, पण आता तितकंसं सोपं राहिलेलं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच की. आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच आपण फ्रेंच पॉलिश करतो. तेव्हा चपड्याचं पॉलिश, एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर, ड्यूको, कॅनमधला साधा अॅक्रिलिक रंग हे सगळे तुमच्या टाकीतून सांडलेल्या चमचाभर इंधनाने नरम पडणार, चिकट होणार, मग सुरकुतणार.

विश्वास बसत नसेल तर डेकच्या त्या लाल टोकावर परीक्षा घ्या. इंजिनात घालणार तेच तेलमिश्रित पेट्रोल कापसाच्या बोळ्यावर घ्या, लाल भागावर दहा मिनिटं ठेवून द्या, मग बोटाने जोर देऊन पुसा. कापूस लाल झाला तर निकाल लागला. कुठलाही नवा रंग, नवा क्लिअर मी आधी प्लायच्या तुकड्यावर मारतो, आठवडाभर वाळू देतो, आणि हीच परीक्षा घेतो. डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा माझा बोळ्यावर जास्त विश्वास.

पॉलिशवाल्या काकांचं चुकलं असं नाही. त्यांचं सीलर आणि मेलामाइन घरातल्या कपाटासाठी आहे, तिथे ते उत्तम. सँडिंग सीलरचं काम लाकडाच्या नसा भरून घासायला गुळगुळीत जागा देणं. पाणी अडवणं हे त्याचं कामच नाही. आणि मेलामाइन कडक, ठिसूळ. मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेणारं इंजिन ज्या प्लायला सतत थरथरवतं, त्यावर ते बारीक तडकतं आणि त्या तडीतून पाणी आत.

तुमचा प्लाय मरीन आहे म्हणता. त्यावर आयएस ७१० चा शिक्का आहे ना, तेवढं बघून घ्या. ३०३ चा शिक्का असेल तर तो सर्वसाधारण वापराचा प्लाय. ७१० मध्ये गोंद उकळत्या पाण्यात टिकतो आणि लाकडाला बुरशी-किडीविरुद्ध औषध पाजलेलं असतं. पण म्हणून लाकूड पाणी प्यायचं थांबत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पण ते मलबारी सागाचं. सागात स्वतःचं तेल असतं, प्लायला आपण बाहेरून चिलखत घालावं लागतं. (बोटीत कुठे साग वापरला असेल तर चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा, त्याच तेलामुळे इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून कडक होणारा माल, नीट धरत नाही.) कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजायची जुनी रीत आहे. कुणी जाणकाराने तसा सल्ला दिला तरी मॉडेलवर करू नका. तेल पाजलंत की इपॉक्सीचा रस्ता बंद.

तर सीलिंगला इपॉक्सी. पातळ, लॅमिनेशनची. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबांची जोडी मिळते ती चिकटवण्यासाठी असते, फार घट्ट. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी आपल्याकडे फायबरच्या कामात सर्रास चालते. १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर, वजनाने. मापाच्या कपाने नव्हे, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर. दुसऱ्या कंपनीची जोडी घेतलीत तर तिच्या डब्यावरचं प्रमाण, माझं नाही. किलोभराचा सेट तुमच्या बोटीला पुरून उरेल.

इथे एक गोंधळ मुंबईत फार होतो. मूर्ती, डेकोरेशन, पाण्याच्या टाक्या करणारे ‘फायबरवाले’ वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात कोबाल्टचे थेंब आणि कॅटॅलिस्ट घालतात, आणि कॅटॅलिस्ट थोडं जास्त पडलं की काम लवकर सुकतं. ती सवय लागलेला माणूस इपॉक्सीतही हार्डनर ‘जरा सढळ’ घालतो. इपॉक्सीत हे चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जोडी लावतात. जास्तीचा हार्डनर बिनजोडीचा राहतो आणि थर कायमचा चिवट, चिकट. पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरतही नाही, काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. आणि तरीही कुणी ते वापरणार असेलच तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो.

आता पावसाचं. जुलैत हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो आणि लाकूड हवेतलं पाणी ओढून १६-१७ टक्के ओलं होऊन बसतं. इपॉक्सीखाली १२ टक्क्यांच्या आतलं लाकूड हवं, नाहीतर तुम्ही पाणी बाहेर ठेवत नाही, आत कोंडताय. घरात एसी असेल तर बोट तीन-चार दिवस त्या खोलीत ठेवा. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढतो. माझ्याकडे एकच एसी आणि तो बेडरूममध्ये. सव्वा मीटरची बोट पलंगाच्या पायथ्याशी चार रात्री होती, त्यावरून घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. एसी नसेल तर खोक्यांच्या पुठ्ठ्याचा लांब पेटारा करून आत जुना ६० वॅटचा बल्ब, वर हवा जायला दोन भोकं, आणि बल्बपासून लाकूड हातभर लांब.

दमट हवेत आणखी एक भानगड होते, ती पहिल्यांदा झाली तेव्हा मला वाटलं माल भेसळीचा मिळाला. रात्री हात मारला, सकाळी थर कडक झालेला, पण पेपर लावला की दोन घासांत पेपर बुजून गठ्ठे धरायला लागला. बोट फिरवलं तर भांड्यावर साबण राहावा तसा बुळबुळीत स्पर्श. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी हार्डनरची गाठ पडली की वर हा मेणचट थर येतो. मी थिनरने पुसला, तो सगळीकडे फासला गेला, आणि त्यावर मारलेलं अस्तर पुढे टेपबरोबर सोलून आलं. तो थर पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नाही! कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, दोनदा घासून धुवा, स्वच्छ फडक्याने कोरडं करा, आणि मगच पेपर. आधी पेपर लावलात तर तो मेणचटपणा घासून आत बसवाल. पावसाळ्यात मी थर कसाही दिसला तरी धुतोच.

हात कधी मारायचा, याचंही गणित आहे. लाकडात हवा असते. सकाळी काम सुरू केलं तर दिवस तापेल तशी ती हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. संध्याकाळी, तापमान उतरत असताना मारलं तर हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. त्यामुळे दिवे लागल्यावर बसायचं. माल घट्ट वाटला तर रेझिनचा डबा, झाकण लावून, गरम पाण्याच्या पातेल्यात थोडा वेळ ठेवा. आत मुरावं म्हणून थिनर घालणारे बरेच आहेत. मी घालत नाही. थिनर उडून जाताना बारीक छिद्रं ठेवतो आणि जो अडकतो तो थर मऊ ठेवतो. गरम माल आपोआप पातळ होतो आणि हेच काम करतो, फक्त तो कपात लवकर पेटतो, म्हणून एका वेळी ३०-४० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट थाळीत ओता. उभ्या कपात राहिलेली इपॉक्सी स्वतःच्याच गरमीने धुमसते. मी प्लॅस्टिकचा कप वितळून टेबलाला चिकटलेला पाहिलाय. हातात नायट्राइलचे मोजे. हात भरले तर थिनरने धुऊ नका, थिनर तो माल कातडीच्या आत पोचवतो. फडक्याने पुसून साबण लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आतलं काम. त्याआधी प्रत्येक वस्तू बोटीवर एकदा बसवून पाहा: इंजिन माउंट, शाफ्टची नळी, स्ट्रट, रडर, ट्रिम टॅब, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांची भोकं, रेडिओ बॉक्स. सगळी भोकं पाडा. मग सगळं उतरवा. सीलिंगनंतर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे कोरं लाकूड, आणि तेही प्लायच्या कडेचं. लाकूड सपाटीपेक्षा कडेने कितीतरी पट जास्त पाणी पितं. नसांची तोंडं तिथेच उघडी असतात.

स्क्रूची भोकं मी अशी करतो. ४ मिमीचा स्क्रू असेल तर भोक ८ मिमीचं पाडायचं. बाहेरून सेलोटेप लावून तळ बंद. कानकोरणं इपॉक्सीत बुडवून भोकाच्या भिंती भिजवायच्या, पाच मिनिटांत त्या सुकल्यासारख्या दिसतील, म्हणजे प्यायल्या, पुन्हा भिजवायच्या. मग इपॉक्सीत बारीक लाकडाचा भुसा किंवा सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट करायचं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने, सुई काढून, तळापासून वर भरत यायचं. वरून भरलंत तर खाली हवा अडकते. दोन दिवसांनी त्या गाठीच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं भोक. आता स्क्रू लाकडात नाहीच, इपॉक्सीच्या बुचात आहे. पाणी आलं तरी त्याला प्यायला लाकूड मिळत नाही. पंधरा-वीस भोकं असतात, एक अख्खी संध्याकाळ जाते. माझ्या पहिल्या बोटीत ही एक संध्याकाळ वाचवली होती.

आतल्या सगळ्या भिंतींना दोन हात, इंजिनच्या कप्प्याला तीन. कोपऱ्यांत घट्ट केलेल्या इपॉक्सीचा गोलवा द्या, आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने. काटकोनात तेल साचतं, गोलव्यात पुसता येतं. डेकची खालची बाजू विसरू नका, ती सगळे विसरतात. चिकटवण्याच्या पट्ट्यांवर मात्र इपॉक्सी सुकू दिलीत तर नंतर खरखरीत घासूनच डेक लावा. टोकाच्या बंद जागेत ब्रश पोचत नसेल तर ५० ग्रॅम माल आत ओतून बोट हळूहळू सगळ्या अंगांवर फिरवा आणि उरलेला उलटी करून काढून घ्या. बुडू नये म्हणून तिथे थर्माकोल भरायचा मोह होईल. पेट्रोलचा वास लागला तरी थर्माकोल वितळतो. पॅकिंगचा पांढरा मऊ पॉलिथिन फोम घाला, नाहीतर पोहायच्या तलावावर मिळतात त्या फोमच्या नळ्या.

बाहेरचं सीलिंग सोपं आहे. १२० आणि मग १८० नंबरचा पेपर, धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. पहिला हात ब्रशने न मारता बाद झालेल्या एटीएम कार्डाने ओढून लावा. लाकडाला हवं तेवढंच राहतं, फुकटचं वजन नाही. दुसरा हात पहिला पूर्ण सुकायच्या आत. नखाने खूण उमटते पण माल नखाला लागत नाही, ती वेळ गाठलीत तर मध्ये घासायची गरज नाही आणि दोन्ही थर एकजीव होतात. तळाला मी चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचं काचेचं कापड घालतोच. आपल्या तळ्यांत काय तरंगत असतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ताशी साठ-सत्तरच्या वेगात बुडालेली फांदीसुद्धा कोयत्यासारखी लागते. कापडाची वीण भरेपर्यंत तिसरा, लागला तर चौथा हात. मग आठवडाभर हात लावू नका. माझ्या अशाच मापाच्या बोटीचं वजन सीलिंग, कापड, रंग धरून साडेचारशे ग्रॅमने वाढलं. त्यात रंगाचा वाटा मला निम्म्याच्या आत ठेवता आला, पण पहिल्यांदा करणाऱ्याचा रंगच जड होतो.

खड्डे भरायला गाड्यांना लावतात ती लांबी (पुट्टी) वापरू नका. ती पाणी शोषते, आणि एनसी लांबी जाड भरली तर महिन्याने बसते आणि खड्ड्याचा नकाशा रंगावर उमटतो. इपॉक्सीतच काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पावडर घाला. हलकी आणि घासायला मऊ.

तळ आणि मागची कड यांना मात्र जितका वेळ द्याल तितका कमी. इथे रंगकाम संपतं आणि बोटीची चाल सुरू होते. स्टीलची फूटपट्टी तळावर लांबीच्या दिशेने उभी धरा, मागे टॉर्च ठेवा. मागच्या तीस-चाळीस सेंटिमीटरमध्ये फटीतून उजेड दिसता कामा नये. तळ शेवटाकडे खाली वळलेला असेल तर बोट नाक पाण्यात खुपसते. शेवटाकडे वर उचललेला असेल तर ती बेडकासारखी उड्या मारते. हाताच्या पंजाने घासाल तर उंचवट्यांवर मऊ फिरत राहाल, म्हणून पेपर नेहमी सरळ लाकडी ठोकळ्यावर. तळावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासा. खड्ड्यात काळं उरतं, उंचवट्यावरून पुसलं जातं.

कड धारदार हवी. गोल कडेला पाणी चिकटून वर वळतं, धारदार कडेला तुटून सुटतं. आणि प्रत्येक अस्तर, प्रत्येक रंगाचा हात कड गोल करतो. यावर माझा उपाय: बोट उलटी ठेवून मागच्या फळीवर मास्किंग टेप अशी लावतो की ती तळापेक्षा दोन-तीन मिमी वर उभी राहील, तिच्या आत घट्ट इपॉक्सीची बारीक वळी भरतो, सुकली की टेप ओढून काढतो आणि वळी ठोकळ्याने तळाच्या सपाटीत आणतो. कडेला आता लाकूड नाही, निखळ इपॉक्सी. रंग झाल्यावर ती कड ६०० नंबरच्या पाणीपेपरने पुन्हा एकदा काढायची, रंग गेला तरी बेहत्तर. तळ काचेसारखा चमकवायचा की ४००-६०० ने अंधुक ठेवायचा यावर रेसवाल्यांत कधी न मिटणारा वाद आहे. मी अंधुक ठेवतो, मुख्यतः कारण ओरखडे दिसत नाहीत.

आता रंग. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हवा कोरडी झाली की. धुणं, ३२० ने घासणं, टू-के इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात, ४०० ने घासणं, आणि वर टू-के पीयू (पॉलियुरेथेन). टू-के म्हणजे ज्यात हार्डनर वेगळा येतो आणि कालवल्यावर रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो. म्हणून पेट्रोल त्याला परत विरघळवू शकत नाही. लाकडाची नस दाखवायची असेल तर इपॉक्सीवर यूव्ही रोखणारा पीयू क्लिअर हवाच, नुसती इपॉक्सी उन्हात पिवळी पडून पिठूळ होते.

टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढे नुसत्या वासानेही उठतो. कापडी मास्क, एन-९५ हे वाफेला अडवत नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाला चाळिशीत हा धंदा सोडावा लागला, म्हणून घरच्या बाल्कनीत टू-के मारायचा सल्ला मी कुणालाच देत नाही. तुमच्या जवळ डेंटिंग-पेंटिंगचं बूथ असलेलं गॅरेज असेलच. घासून, प्रायमर ठोकळ्याने सरळ करून बोट तयार न्या, आणि एखाद्या गाडीचा बंपर रंगवला जाणार असेल त्या दिवशी त्याच रंगात मारून घ्या; उरलेल्या मालात काम होतं, पैसेही कमी लागतात. पेंटरला एवढंच सांगा: दोन पातळ हात, जाड नको. गाडीच्या दारावर शोभतो तसा भरगच्च हात तो सवयीने मारेल आणि बोटीला शंभर ग्रॅम चढवेल. हार्डनरचा डबा घरी आणलात तर झाकण घट्ट. तो हवेतल्या ओलीनेही गोठतो.

रंग कोणता, तर डेक पिवळा किंवा भगवा, आणि तळही तसाच झगझगीत, वेगळ्या छटेचा. शंभर मीटरवरून बोट उलटी आहे की सुलटी हे रंगावरूनच कळतं. काळा टाळा. घरच्या तापमानावर घट्ट झालेली इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ व्हायला लागते, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीतली काळी बोट तिथवर सहज पोचते. मग कापडाची वीण रंगातून वर दिसते.

रंगल्यावर टाकी भरायच्या आधी आठवडा जाऊ द्या. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात चालवलीत तर गोड्या पाण्याने धुवा. प्रत्येक वेळी घरी आल्यावर हॅच उघडी ठेवा, पंख्याखाली, मागचं टोक किंचित खाली.

राहिलं ते लाल टोक. थिनरने पुसू नका, विरघळलेला लाल रंग नसांत उतरेल आणि त्यावर इपॉक्सी धरणार नाही. कोरडा ८० नंबरचा पेपर ठोकळ्यावर लावा आणि कोरं लाकूड दिसेपर्यंत घासा, मग १२०. ४ मिमीच्या प्लायचा वरचा पापुद्रा फार जाड नसतो, तेव्हा लाल गेला की थांबा. नसांत थोडा गुलाबीपणा राहिला तर राहू दे, त्यावर अस्तर येणारच आहे. आणि हे घासकाम डेक सुटा आहे तोवर, या रविवारीच उरकून घ्या.